काळी चार

१२ सप्टेंबर, शुक्रवार

हा मुलगा पेटी चांगली वाजवतो. त्यातच सगळी गोम आहे.

अनिश त्याचं नाव. साताऱ्याचा. इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक करतो – म्हणजे शिकून झालं तरी शिकतच राहायचं, असं काहीतरी. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी संमेलनात मी एक गाणं म्हणायचं असं त्या लोकांनी परस्पर ठरवलंय. पंचवीस ऑक्टोबरला. ‘उंबऱ्यावरचं ऊन’च हवं म्हणे. आणि पेटीला हा.

आज पहिल्यांदा आला. पाया पडला. ह्यांची पेटी उघडली. (हे जाऊन तीन वर्षं होतील, पण पेटी ह्यांचीच. जन्मभर माझ्या गाण्याला साथ ह्यांनीच केली. नवराच पेटीवाला, दुसरा शोधायची वेळच आली नाही.) तर पेटी उघडून त्याने जरा निरखून पाहिली, काळी चारवर बोट ठेवलं, सूर धरला आणि माझ्याकडे बघून हसला.

का हसला?

काय शिकतोस म्हणून विचारलं. म्हणाला, आवाजावर काम करतो, मशिनला माणसासारखं बोलायला शिकवतो. आज बोलायला, उद्या गायला! मी पुढे काही विचारणार तेवढ्यात विभा म्हणाली, आई, चहा घ्या. सुनेने चहा मध्ये आणला की समजावं.

१४ सप्टेंबर, रविवार

मंडळाला माझी माहिती हवी आहे. दोन ओळींत. विभाने फोनवर लिहून वाचून दाखवलं – ‘उर्मिला देवस्थळी, ज्येष्ठ गायिका आणि टीव्ही निवेदिका.’ संपलं! मी म्हटलं, अगं, निदान दोन ओळी तरी भर. ती हसली. कुशल पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, आई, लोकांना माहीत आहे. कुणाला माहीत आहे? या कॉन्डोच्या वॉचमनला मी फक्त ‘ट्वेल्व्ह-झिरो-फोर आंटी’ आहे.

अठराव्या वर्षी रेडिओवर गायले. मग रेकॉर्डी निघाल्या. मग टीव्ही आला आणि ‘शनिवारची ओसरी’. तेरा वर्षं! गाणारेही यायचे, नाटकवाले यायचे, एकदा एक सर्पमित्र आला होता पिशवी घेऊन. मी मुलाखत घ्यायची आणि शेवटी स्वतः एक गाणं म्हणायचं. टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळे बाईंची साडी कुठल्या रंगाची होती म्हणून पत्रं यायची. बायकांच्या पैजा लागायच्या.

त्यातलं काही उरलं नाही. टेपा महाग असायच्या, पुसून परत वापरायचे. माझ्या शनिवारच्या कार्यक्रमावर बुधवारी शेतीचा कार्यक्रम घ्यायचे. माझ्या गाण्यावर भुईमूग पेरला मेल्यांनी.

उरलं ते गळ्यात. माझी पट्टी काळी चार. पेटीवरची चौथी काळी, तिथे माझा सा. रेडिओच्या ऑडिशनला तीच, गळ्याची गाठ काढली त्यानंतर तीच, आजही तीच. अर्धा सूरसुद्धा खाली आले नाही. बाकीच्या सगळ्या आल्या. सुरेखा तर चाळिशीतच तीन सूर उतरली. आम्ही बरोबरीच्या, रेडिओवर एकाच आठवड्यात लागलो. आणि तिने ते सांगितलं कुठे? माझ्याच कार्यक्रमात, माझ्यासमोर बसून, हसत हसत. मी म्हटलं, ‘ज्याच्या त्याच्या गळ्याची ठेवण.’ ते उत्तर लोकांना फार आवडलं होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तालमीला आला. फोन पेटीशेजारी उपडा ठेवला. मी त्यावर नॅपकिन टाकला. त्याने काढला नाही, विचारलंही नाही. सरळ माणूस असता तर विचारलं असतं.

गाणं छान झालं. वरच्या मध्यमाला गेले, सहज गेले. अनिश ‘वा’ म्हणाला. मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेला तो गेलाच. मीही उठले. कान अजून शाबूत आहेत, हे घरात कुणाच्या लक्षात राहत नाही.

अनिश हळू आवाजात विचारत होता, “आजींना सांगायचं का?”

विभा म्हणाली, “नको नको. आधी कुशलशी बोलते.”

मी परत येऊन जागेवर बसले. दोघं बाहेर आले ते केवढे हसतमुख!

१७ सप्टेंबर, बुधवार

कुशल ऑफिसातून आल्या आल्या विभाने त्याला बाल्कनीत नेलं. काचेचं दार लावून घेतलं. एसी वाया जातो म्हणे!

२१ सप्टेंबर, रविवार

विभा आणि नातीबरोबर लिटिल इंडियात, इथल्या भारतीय वस्तीत. दिवाळीची आरास सुरू झाली आहे, सेरांगून रोडवर नुसती मुंगीला जागा नाही. गजरेवालीने मोगरा मोजून हातभर दिला आणि मला ‘अम्मा’ म्हणाली. संमेलनाच्या दिवशी ताजा ठेव म्हणून तिला सांगत होते, तर विभा पाच पावलं मागे जाऊन कुणाशी तरी बोलत होती. ‘तसंच राहू दे, पंचवीसपर्यंत काही बदलू नकोस.’ एवढं ऐकलं. फोन ठेवल्यावर विचारलं, कोण गं? म्हणाली, ऑफिसचं.

रविवारी कसलं ऑफिस?

येताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ऋग्वेदाने – माझी नात, सोळाची आहे, मराठी समजतं पण बोलायला लाजते – मला फोनवर एक गंमत दाखवली. कुणी एक गायक, मरून किती वर्षं झालेला, नवीन गाणं गातो आहे. हुबेहूब त्याचा आवाज, अगदी श्वाससुद्धा! ‘एआय, आजी,’ म्हणाली. ‘क्रेझी, राइट?’

लख्ख कळलं. अनिशचं ते मशिन. उपडा फोन. तालमी कशासाठी चालल्यात? माझा आवाज भरून घ्यायला! पंचवीस तारखेला माझा तरुणपणीचा आवाज मशिनमधून लावणार आणि मी नटूनथटून पुढे बसून ओठ हलवायचे. टीव्हीवर मोठमोठे यायचे आणि रेकॉर्डवर ओठ हलवून जायचे. मी नाही हलवले. एकदाही नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

आज कुशल जवळ येऊन बसला. लहानपणी गणितात कमी मार्क पडले की असा बसायचा. म्हणाला, “आई, त्या दिवशी एखादं सोपं गाणं घे ना. ‘उंबऱ्यावरचं’ला फार ओढ पडते.”

मी विचारलं, कुणी सांगितलं ओढ पडते? तू गातोस का? मी म्हटलं, माझ्या गाण्यात कुणी काही ढवळाढवळ केली तर मी येणार नाही आणि जन्मात परत गाणार नाही. बोलले म्हणजे बोलले.

त्याचा चेहरा पांढरा पडला. एवढं घाबरायला काय झालं?

२६ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस झोप धड नाही. संशय घ्यायची सवय मला आजची नाही, ती ह्यांनीच लावली.

लग्न झाल्यापासून दुसरा पेटीवाला म्हणून ह्यांना खपला नाही. मला केवढी निमंत्रणं यायची, मोठे मोठे वादक बरोबर वाजवायला तयार. हे म्हणायचे, मी आहे ना. पुढे तर ताप असला तरी वाजवायला येणार. लोकांना वाटायचं काय प्रेम आहे! मला माहीत होतं – जळायचे. नाव माझं, पोस्टर माझं, ह्यांना कोण ओळखत होतं? टीव्हीवर मी पुढे बसायचे, हे मागे डावीकडे, अर्धे अंधारात. मी शेवटी साथीदारांची नावं सांगायचे, तबला अमुक, व्हायोलिन तमुक. ह्यांचं कधी घेतलं नाही. घरच्या माणसाचं नाव काय घ्यायचं! आणि आमच्यात घेतही नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं ते शेवटचं.

माझ्या ऑपरेशनच्या वर्षी तर कहरच केला. मी गळ्याला पट्टी बांधून घरात पडलेली, आणि हे आठ दिवस कलकत्त्याला! आले ते नवीन पेटी घेऊन. ही, आत्ता समोर आहे तीच. जुनी चांगली होती की! ती विकून टाकलेली. मला खात्री होती, तिकडे कुठल्या तरी ऑर्केस्ट्रात नोकरी बघायला गेले होते, आणि पेटी आपली सांगायला. बरं, त्या पेटीला हात लावू द्यायचे नाहीत. वरून मखमली कापड असायचं कायम. तानपुराही हेच लावून माझ्या हातात द्यायचे. त्याच महिन्यात घरातला रेकॉर्ड प्लेअर परस्पर कुणाला तरी देऊन टाकला. म्हणाले, झालेलं गाणं ऐकत बसू नये. माझ्या रेकॉर्डी घरात वाजलेल्या ह्यांना बघवत नव्हत्या, दुसरं काय?

आणि ती सुरेखा. ऑपरेशननंतरच्या माझ्या पहिल्या कार्यक्रमाला आली होती. नाट्यगृह भरलेलं, दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘तोच आवाज, तीच काळी चार’. मला भेटायला आत आली, हात धरला आणि म्हणाली, “तुझ्या पेटीवाल्याला जप हो.” माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघून म्हणाली! हे मान खाली घालून पेटीचा भाता बांधत बसले.

तेव्हापासून मी सुरेखाला दिवाळीचा फोन करते तो फक्त ती कुठे आहे हे कळावं म्हणून.

३० सप्टेंबर, मंगळवार

तालीम. अनिश तानपुराही फोनमधूनच लावतो, माझ्याकडे पाठ करून. मीही बघून घेते.

४ ऑक्टोबर, शनिवार

कुशल-विभा सकाळीच पुलाउ उबीन बेटावर गेले, सायकली चालवायला. मलाही चला म्हणत होते. बोटीत बसून हालत जायचं आणि तिथे झाडाखाली नारळपाणी पीत त्यांची वाट बघायची! मी म्हटलं, गुडघा दुखतोय. ऋग्वेदाची परीक्षा आहे, ती घरीच. मला तेच हवं होतं.

तिच्या खोलीत गेले. म्हटलं, बाळा, माझा आवाज फोनमध्ये भरून दे आणि मूळ रेकॉर्डशी ताडून दाखव. अनिशने काय केलंय ते मला बघायचं होतं. तिला माझी जुनी रेकॉर्ड फोनवर एका मिनिटात सापडली. माझीच रेकॉर्ड, आणि मी इतक्या वर्षांनी ऐकली. पोरगी गोड होती हो आवाजाची.

मग पेटी उघडली. मखमली कापड काढलं. ह्यांच्या पेटीला मी कधी शिवले नव्हते. काळी चार दाबली आणि ऋग्वेदाला म्हटलं, हा माझा सूर. ती पियानो शिकते. कपाळाला आठी घालून तिने फोनमधला पियानो वाजवून पाहिला, परत पेटीची पट्टी दाबली.

“आजी, धिस इज नॉट जी शार्प. इट्स एफ, लाह.”

काय ते नीट सांग म्हटलं. तिने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. बोट काळी चारवर पडतंय, पण आतून वाजतंय ते पांढरी चार. तीन सूर खाली. मग तिने वाकून बघितलं. “द होल कीबोर्ड इज शिफ्टेड!” सगळ्या पट्ट्याच तीन घरं डावीकडे सरकवून ठेवलेल्या. असल्या पेट्या असतात, मला माहीत होतं. हिची पट्टी, तिची पट्टी, वाजवणाऱ्याला बोटं बदलायला नकोत म्हणून पट्ट्याच सरकवायच्या. आमची तसली आहे हे मात्र माहीत नव्हतं.

म्हणजे अनिशने माझी पट्टी उतरवली! मला न विचारता. मशिनसाठी असेल, नाहीतर म्हातारीला झेपणार नाही म्हणून असेल. ‘काही बदलू नकोस’ ते हेच. माझ्या अंगाची लाही झाली.

ऋग्वेदाला म्हटलं, सरकव परत. तिने ओढून पाहिलं. हलेना. मग म्हटलं, खरी काळी चार कुठून वाजते ती पट्टी शोध. तिने शोधली, धरून ठेवली. मी गायले.

मुखडा कसाबसा झाला. अंतऱ्याला वर गेले आणि आवाज फाटला. परत घेतला. परत फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. ऋग्वेदाने भाता सोडला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. ‘इट्स ओके, आजी,’ म्हणत होती. मला तिचा राग आला, मग रडू आलं.

५ ऑक्टोबर, रविवार

भात टाकून उठले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अनिश आला. बसूसुद्धा दिलं नाही. जे तोंडाला आलं ते बोलले. विभा मध्ये पडली, तिलाही सोडलं नाही. माझा आवाज चोरायचा तो चोरा, पण माझी पट्टी उतरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

मुलगा उभ्याने ऐकत राहिला. कान लाल झाले होते. माझं संपल्यावर म्हणाला, “आजी, मी पट्ट्यांना हात लावलेला नाही. पेटी पहिल्या दिवशी उघडली तेव्हा अशीच होती. मला वाटलं तुम्हीच ठेवली असेल, वयाप्रमाणे सगळेच खाली येतात. म्हणून हसलो. मग तुम्ही काळी चार काळी चार म्हणायला लागलात.”

मी म्हटलं, खोटं. पट्ट्या सरकवून अडकवल्या कुणी मग?

त्याने पेटी माझ्यासमोर आणली, कड दाखवली. पट्ट्यांच्या टोकाला एक पितळी स्क्रू आहे. आत घट्ट बसवलेला, पट्ट्या हलू नयेत म्हणून. त्याचं डोकं दिसतच नाही, त्यावर लाकडाचं पॉलिश चढलंय. अनिशने नखाने खरवडून दाखवलं. आधी स्क्रू, वरून पॉलिश.

मी खुर्चीत बसले.

त्या पेटीला पॉलिश एकदाच झालं. कुशलच्या मुंजीच्या वर्षी, मांडवात बाहेर ठेवायची म्हणून. मुंज माझ्या ऑपरेशनच्या पुढच्या वर्षी.

अनिशला म्हटलं, जा बाबा आज. तो जाताना परत पाया पडला. फोन काढून दाखवला. माझी गाणी भरून घेतली होती खरी. त्यावर तो घरी पेटीचा सराव करत होता, माझ्या जागा चुकू नयेत म्हणून.

८ ऑक्टोबर, बुधवार

कुशलला विचारलं. त्याला माहीत होतं. मुंजीच्या आधी स्क्रू आवळताना त्याने टॉर्च धरला होता. बाबांनी सांगितलं होतं म्हणे, आईला कळता कामा नये. आठ वर्षांचं पोर, आणि आज त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत कळू दिलं नाही! अनिशने विभाला विचारलं, विभाने याला, आणि याने सांगितलं की हात लावू नका. म्हणून ते बाल्कनीचं दार.

मी म्हटलं, आणखी कुणाला माहीत होतं? म्हणाला, सुरेखाकाकूंना विचार.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुरेखाला पुण्याला फोन लावला. दिवाळी नाही, वाढदिवस नाही, तिला वाटलं कोणी गेलं. मी सरळ विचारलं, माझी पट्टी कधी उतरली?

म्हणाली, “कळलं का गं तुला? ऑपरेशननंतरच्या पहिल्या कार्यक्रमापासून, उर्मिले. तबलजीला माहीत होतं, त्याला तबला त्याच सुरात लावायचा होता ना? व्हायोलिनवाल्याला माहीत होतं. पहिल्या दोन रांगांत बसलेल्या निम्म्यांना माहीत होतं.”

आणि एकही बोलला नाही? इतक्या वर्षांत?

हे प्रत्येकाच्या घरी गेले होते म्हणे. कलकत्त्याहून ही सरकत्या पट्ट्यांची पेटी घेऊन आल्यावर. एकेकाला भेटून हात जोडले. सुरेखाने मला शब्द सांगितले, तिला अजून पाठ आहेत. “तिला खाली उतर म्हणालो तर ती गाणंच सोडेल. मी ओळखतो तिला.”

सोडलंच असतं. आत्ता पंधरा दिवसांपूर्वी मी कुशलला हेच नाही का बोलले? म्हणून पोराचा चेहरा उतरला होता.

तबला, तानपुरा, पेटी सगळं ह्यांच्या हातात. दुसरा पेटीवाला आला असता तर पहिल्याच सुराला बोलून गेला असता. रेकॉर्ड प्लेअर घरात राहिला असता तर मी एक दिवस रेकॉर्डबरोबर गायला गेले असते आणि अडकले असते. तापात वाजवायला यायचे ते! आणि मी जळतात म्हणत होते. सगळ्यांवर संशय घेतला मी. विभावर, पोरावर, या सुरेखावर. घ्यायला हवा होता तो एवढ्या एका गोष्टीवर, ती डोळ्यासमोर वाजत होती.

सुरेखाला विचारलं, मग माझ्या कार्यक्रमात येऊन स्वतःची पट्टी उतरल्याचं का सांगितलंस? म्हणाली, “तुझ्यासाठी गं. म्हटलं, ऐकशील आणि तुलाही बोलायला सोपं जाईल. तू मला टोमणा मारलास.” आणि हसली. मेली अजून हसते तशीच.

फोन ठेवताना म्हणाली, तुला म्हटलं नव्हतं, पेटीवाल्याला जप म्हणून?

१२ ऑक्टोबर, रविवार

ह्यांच्या फोटोशी भांडले. दुपारभर. तुम्ही मला विचारायला हवं होतं. मी लहान मुलगी होते का? मी रडले असते, आदळआपट केली असती, आणि आले असते कदाचित खाली. कदाचित. तुम्ही मला संधीच दिली नाही, असं मी म्हटलं.

फोटोतसुद्धा मान खालीच. पेटीवर बोटं आहेत. कुठल्या पट्टीवर ते फोटोत दिसत नाही.

विभाने दाराशी चहा ठेवला आणि गेली. बोलावून घेतलं तिला. म्हटलं, बस. आम्ही दोघींनी चहा प्यायला. तिला म्हटलं, तुझा चहा बरा असतो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पहिल्यांदा म्हटलं असेन. तिने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अनिशला बोलावून घेतलं. म्हटलं, स्क्रू काढायचा नाही. तालीम करू.

त्याने बोट काळी चारवर ठेवलं. वाजलं ते पांढरी चार. या वेळी मला ऐकू आलं. गायले. मध्यमाला गेले, पण सहज नाही. खरं सांगायचं तर गेले कित्येक दिवस सहज जात नव्हतं. अनिश भाता जरा जोरात ओढून मला तिथे झाकून घ्यायचा. हेही तेच करायचे.

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. सुट्टी. ऋग्वेदाने फराळाचं ताट अनिशकडे पाठवू का विचारलं – मराठीत! मी बघतच राहिले. त्यातही काही आहे की काय? असू दे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

साडी काढून ठेवली. गर्द हिरवी, जांभळ्या काठाची. आता सगळ्यांना रंग दिसेल.

मी उद्या लोकांना काय सांगणार आहे हे घरात कुणाला बोललेले नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पडदा उघडला. कॅमेऱ्याची सवय, नजर समोर गेली. मुद्दाम मागे वळले, डावीकडे, पेटीकडे. माइक हातात होता, तो खाली केला नाही. अनिशला म्हटलं, “आणखी अर्धा सूर खाली घे रे.” सगळ्यांना ऐकू गेलं. कुशल पहिल्या रांगेत उठून उभाच राहिला.

मग लोकांकडे तोंड केलं आणि म्हटलं:

“नमस्कार, रसिकहो. पेटी वाजवतोय अनिश. लावून ठेवली आहे प्रबोधने.”